हळद डोळ्यांत जात नाही

फाल्गुन लागला की आमच्या घरात कुणाला स्वतःचा रंग राहत नाही. हळद उकडायला घेतली की आधी हात पिवळे होतात, मग नखं, मग टाचांच्या भेगा. पुढे ती वाळून पॉलिशच्या ढोलात फिरायला लागली की जी भुकटी उडते ती उशीवर, भाकरीच्या पिठात, शेळीच्या पाठीवर, कुठेही जाऊन बसते. मला या दिवसांचा मनापासून राग येतो. लग्न होऊन आले तेव्हा शेजारणी म्हणाल्या होत्या, "हयदीच्या घरात पडली वो, नशीब काढलं." काढलं खरं. नवरीची हळद चार दिवसांत उतरते म्हणतात, माझी अजून उतरायची आहे.

आमचं गाव वाशिम जिल्ह्यातल्या शिरपूरपासून जवळच. घरात मी, नवरा, सासू आणि शाळेत जाणारी एक मुलगी. सासूला मी मामी म्हणते. नवऱ्याचं नाव घेत नाही, त्यात लाज वगैरे काही नाही, सवयच नाही. 'हे' म्हटलं की घरात सगळ्यांना कळतं. आमची स्वतःची हळद आहे आणि शिवाय हळद उकडायचा एक बॉयलर आहे, चाकांवरचा. वाफेची टाकी आणि तिला जोडलेले ढोल. आपली हळद उरकली की हे बॉयलर घेऊन गावोगाव भाड्याने फिरतात. बॉयलरला लाकूड लागतं, पाणी लागतं आणि बाटली लागते, असा या धंद्यातल्या माणसांचा समज आहे. दिवसभर धगीपुढे उभं राहायचं, मग थकवा उतरवायला घोट घ्यायचा. ह्यांचा थकवा आधी सीझनपुरता उतरायचा. मग पेरणीत उतरायला लागला, मग पोळ्याला, आणि शेवटी काही न करताच इतका थकवा यायला लागला की तो सकाळीच उतरवावा लागायचा.

हे पीत होते. सांगायची लाज वाटत असेल तर लिहायला बसू नये. आरडाओरडा करणारे नव्हते, हात उगारणारे तर मुळीच नव्हते. मुकाट प्यायचे आणि मुकाट निजायचे. ओरडणाऱ्याच्या घरी निदान शेजारी धावून येतात. मुक्या पिणाऱ्याकडे कुणी फिरकतही नाही. उलट लोक मला म्हणायचे, "तुह्या नवऱ्याचा काही तरास नाई बाई." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्रास होता तो ह्यांच्या पोटाला. सकाळी उठले की छातीत आग. मग चहाच्या आधी मामी पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाकायची, वरून अर्धं लिंबू पिळायची. फसफस वर आली की हे गटागटा पिऊन टाकायचे. एक मोठी ढेकर यायची. "गेलं पित्त," मामी समाधानानं म्हणायची. दुसऱ्या दिवशी पित्त परत हजर. सोड्याचा डबा आमच्याकडे मिठाच्या डब्याशेजारी असतो आणि मिठापेक्षा लवकर संपतो. मी बी.ए. झालेली बाई, पण मीही तोच डबा भरून ठेवत होते. रोज उठून नवऱ्याला दारूबद्दल बोलण्यापेक्षा पित्ताबद्दल बोलणं सोपं जायचं.

मग तो नारळाचा दिवस आला.

बॉयलर सीझनला पहिल्यांदा पेटवायचा तर त्याच्यापुढे नारळ फोडायचा. नारळ बॉयलरवाल्यानं स्वतः फोडायचा आणि एका घावात फोडायचा. नाही फुटला तर हळद आत कच्ची राहते असं मानतात. त्या दिवशी ह्यांचा हात इतका कापत होता की पहिला घाव दगडावरच पडला. दुसरा नारळाला लागला, पण नारळ निसटून राखेत गेला. मजूर बाया तोंडाला पदर लावून हसल्या. चुलत दीर पुढे झाला, म्हणाला, "दादा, घोटभर घे अन् मंग फोड, हात ठिकाणावर येईन."

ह्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. ती शाळेच्या कपड्यांत तिथेच उभी होती आणि ती हसत नव्हती. ह्यांनी राखेतला नारळ उचलला, त्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, "या बॉयलरची आन हाय. आजपासून एक थेंब घेनार नाई." मग दोन्ही हातांनी नारळ डोक्याच्या वर नेऊन असा आपटला की खोबऱ्याचे तुकडे पार गोठ्यापर्यंत गेले.

मामी रडली. मीही रडले, आनंदानं. आमच्याकडे बॉयलरची शपथ मोडली तर वर्षाची हळद नासते, त्यामुळे ही शपथ पक्की, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आता वाईट दिवस संपले, एवढंच माझ्या डोक्यात होतं. इतक्या वर्षांची दारू अशी एका घावात तोडली तर शरीर काय करतं, हा प्रश्न कुणाच्या मनाला शिवलाही नाही. सुटली म्हणजे सुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून हे बसेनात. बसले की उठायचे, उठले की चालायचे. घरात मावेनात म्हणून खळ्यावर गेले. तिथे उकडलेली हळद वाळत घातली होती. वाळत्या हळदीत पाय ओढत चालावं लागतं, म्हणजे खालची वर येते. आम्ही त्याला पाय मारणं म्हणतो. दिवसातून दोनदा मारले तरी पुरतं. हे सकाळी मारायला लागले ते थांबेचनात. या टोकापासून त्या टोकापर्यंत, वळायचं, परत. मी भाकरी घेऊन गेले तर म्हणाले, "ठेव तिथं." चहा घेऊन गेले तर तेच. भाकरीवर चहा, चहावर माशा. ते हळदीतून चालतायत आणि मी काठावरून त्यांच्याबरोबर चालतेय, असा आमचा संसार त्या दिवशी चालला होता.

"काहून असं करून राह्यले तुमी? बसा ना घडीभर."

"बसलो तं जीव गुदमरते."

घामानं बनियन अंगाला चिकटला होता. ऊन होतं हे खरं, पण सावलीतही घाम थांबत नव्हता, आणि सकाळी गादीवर पाहिलं तर त्यांच्या अंगाची पिवळी छाप उमटलेली. मी चादर झटकली, बडबडले, "आंग धुऊन निजत जा म्हनते तं ऐकत नाई." आमच्या घरात त्या दिवसांत पिवळं नाही असं काय असतं? ह्यांचे तळवे पिवळे, मान पिवळी, कानामागची घडी पिवळी. माझीही होती. मामीचीही होती. जरा निरखून पाहायला हवं होतं असं आज कुणी म्हणेल, पण पिवळ्यात पिवळं कोण निरखतं?

मग ओकाऱ्या सुरू झाल्या. पोटात काही नव्हतं, तरी आतून पिळवटून आंबट पाणी यायचं. मामीचं निदान तयारच होतं. "दारूनं दाबून ठेवलेलं जुनं पित्त निंगून राह्यलं. निंगू दे." आणि सोडा. ओकारी झाली की सोडा, आग झाली की सोडा, हात थरथरला की सोडा. मीच विरघळवत होते. फसफस वर आली की मला बरं वाटायचं, काहीतरी लागू पडतंय असं वाटायचं. पोटात गेलेला सोडा तसाच परत बाहेर यायचा आणि आम्ही तितकाच पुन्हा आत घालायचो. गावातल्या एकानं ठणकावून सांगितलं की पित्त सोड्यालाच घाबरतं. मला तेही पटलं. त्या दिवसांत मला कुणाचंही काहीही पटत होतं.

तिसऱ्या दिवशी ह्यांची बोटं वळली. चिमटीत मीठ धरल्यासारखी बोटं एकमेकांना चिकटली आणि सुटेनात. ओठांभोवती मुंग्या येताहेत म्हणाले. मी मोहरीचं तेल चोळलं, एकेक बोट ओढून सरळ केलं, सोडलं की परत वळायचं. शेजारची एक म्हातारी येऊन म्हणाली, हे बाहेरचं आहे, कुणाला तरी दाखवा. मामी लगेच लिंबू-मिरची शोधायला लागली. मी तिच्यावर खेकसले. आयुष्यात पहिल्यांदाच खेकसले आणि ती गप्प बसली, त्यामुळे मला आणखीच भीती वाटली.

खरी भीती दुपारनंतर वाटली. हे खळ्यावर उकिडवे बसून हळदीवरून हात फिरवत होते, सारखे, झटकल्यासारखे.

"काय करून राह्यले?"

"मुंग्या पाह्य किती झाल्या. हयद खाऊन टाकतीन."

मी वाकून पाहिलं. एक मुंगी नव्हती. आणि असणार कशी? मुंग्या हळदीच्या वाटेला जात नाहीत. आम्ही साखरेच्या डब्याभोवती हळदीची रेघ ओढतो ती त्यासाठीच. हे जन्मापासून हळदीत वाढलेले. हळदीला मुंगी लागत नाही हे ह्यांना मी सांगायचं? हा माणूस आपल्याजवळ बसलाय पण इथे नाही, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं आणि काय करावं ते मुळीच कळलं नाही. म्हणून मी काय केलं, तर उठून सोडा करून आणला.

तो पेला त्यांनी अर्धा सांडला, अर्धा प्यायले, आणि घटकेत तोही उलटून छातीवर आला. बनियन हळदीनं पिवळाजर्द होता. बघता बघता छातीवर लाल डाग उठला आणि पसरत पोटापर्यंत गेला. मामीनं किंकाळी फोडली.

"रगत! वो माय, रगत ओकला माहा लेक!"

हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, आणि जे साबणानं होतं तेच सोड्यानंही होतं. आमच्या गावात हे शेंबडं पोरही सांगेल. मी स्वतः इतकी वर्षं धुण्याच्या दगडावर तो लाल रंग पाहत आले आहे. पण त्या घटकेला मला ना साबण आठवला ना सोडा. नवऱ्याच्या छातीवर लाल दिसलं, बस्स. चुलत दीर त्याची गाडी घेऊन आला, आम्ही ह्यांना मागच्या सीटवर माझ्या आणि मामीच्या मध्ये दाबून बसवलं आणि वाशिमचा रस्ता धरला.

तो रस्ता मी शेकडो वेळा गेलेय, पण इतका लांब कधी नव्हता. शिरपुरात देवळाला आलेल्या यात्रेकरूंची बस आडवी उभी होती, माणसं सावकाश उतरत होती, पाण्याच्या बाटल्या भरत होती. चुलत दीर हॉर्न वाजवतोय, मामी देवाला हाका मारतेय आणि हे दार उघडून उतरायला पाहतायत. "बॉयलरचं झाकन उघडं हाय. मले जाऊ द्या. फुटंन तो." मी दोन्ही हातांनी त्यांचा दंड धरून बसले होते. कातडीखाली काहीतरी धडधडत होतं, ते त्यांचं होतं की माझं हेही कळत नव्हतं.

दवाखान्यात गर्दी होती. आम्हाला बाकावर बसायला सांगितलं. बाकावर हे बसणार कसे? उठ-बस, उठ-बस. आणि तिथे, ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडात, माझी नजर माझ्या पदराकडे गेली. सोड्याचा पेला सांडला तेव्हा थोडा माझ्याही पदरावर पडला होता. तिथेही तसाच लाल डाग. मी काही रक्त ओकले नव्हते.

मला हसू आलं. खरंच आलं, मोठ्यानं, आणि आजूबाजूचे लोक बघायला लागले. मी मामीला पदर दाखवला. तिला क्षणभर कळलं नाही, मग तिनं कपाळावर हात मारून घेतला. "आगं माय! हयद हाय व्हय!" तिच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो मी विसरणार नाही. चुलत दिरानं लगेच खिशातून गाडीची चावी काढली. "मंग चाला ना वैनी. सांज होऊन राह्यली. फुकट भ्यालो." ह्यांना तर तेवढंच हवं होतं. ते दाराकडे चालूही लागले.

आणि मीही उठले. मी पिशवी उचलली होती. आम्ही घरी निघालो होतो.

दारात एक डॉक्टरीण आत येत होती. तरुण, चेहऱ्यावर दिवसभराचा थकवा. ह्यांचा तिला धक्का लागता लागता राहिला. तिनं ह्यांच्या वळलेल्या बोटांकडे पाहिलं, कापऱ्या हातांकडे पाहिलं आणि वाट अडवून उभी राहिली.

"दारू कधी सोडली?"

आम्ही कुणी दारूचा शब्दही काढला नव्हता. मी सांगितलं. तिनं ह्यांना उजेडाकडे वळवलं आणि अंगठ्यानं खालची पापणी ओढली. मी मागून पाहिलं. बुबुळाभोवती जिथे पांढरं असायला हवं तिथे पिवळं होतं. ओल्या हळदीचा कोंब मोडला की आत जसं असतं तसं.

"हे किती दिवसांपासून आहे?"

"आमच्याकडे हळदीचं काम असते ना मॅडम," मी म्हटलं. "सीझनमधी सगळेच पिवळे होतो."

तिनं माझ्या हातांकडे पाहिलं, मग माझी पापणी ओढून पाहिली.

"तुमचे डोळे पांढरे आहेत," ती म्हणाली. "हळद डोळ्यांत जात नाही, ताई. ही कावीळ आहे."

पुढचे दिवस तुकड्या-तुकड्यांतच आठवतात. आधी कसलंसं व्हिटॅमिनचं इंजेक्शन दिलं, मग सलाईन लावली. पिणाऱ्याच्या अंगात ते व्हिटॅमिन उरलेलं नसतं आणि ते न देता आधी साखरेचं पाणी चढवलं तर डोक्याला इजा होऊ शकते, असं तिनं सांगितलं. झोपेची, शांत होण्याची औषधं दिली. तरी हे दोन दिवस खाटेवर बॉयलर चालवत होते. "वाफ सोड." "लाकूड टाक." "झाकन!" मी म्हणत होते, "सोडली वाफ. टाकलं लाकूड." एका नातेवाईकानं मला वेड्यात काढलं. मी त्याला म्हटलं, तू टाकतो का मग लाकूड?

सोड्याचं मी डॉक्टरणीला विचारलं. धीर करून विचारलं, कारण तो मीच पाजला होता. ती रागावली नाही. खाटेच्या कडेला टेकून म्हणाली, पोटात आंबट असतं ते असायलाच हवं, अन्न त्यानंच जिरतं. दारूनं पोटाचं अस्तर सोललं होतं म्हणून आग होत होती. पण सारखी ओकारी झाली की ते आंबट बाहेर फेकलं जातं, आणि रक्तातला तोल उलट्या बाजूला झुकतो. त्यात तुम्ही वरून सोडा घालत गेलात. रक्त जास्तच सोड्यासारखं झालं, क्षार कमी झाले, म्हणून बोटं वळली. कापरं आणि मुंग्या दिसणं ते मात्र दारू एकदम बंद केल्याचं. इतक्या वर्षांच्या पिणाऱ्यानं अशी एकदम सोडली तर झटके येऊन माणूस दगावतोसुद्धा.

"म्हणजे सोडायची नव्हती?" मी विचारलं.

"सोडायचीच होती. पण आधी इथं येऊन सोडायची होती."

"अन् लिव्हर?"

"सूज आहे, भरपूर आहे. पण अजून ते पुरतं कडक झालेलं नाही. लिव्हर फार सोसतं, ताई, आणि बोलत नाही. आता ह्यांनी थेंबही घेतला नाही तर ते स्वतःला बरंचसं सावरेल. पुन्हा प्यायले तर माझ्याकडे आणू नका. आणलंत तरी माझ्या हातात काही नसेल."

मामी बाहेरच्या ओट्यावर बसून होती. तिनं गावाकडून काविळीची माळ मागवली, काड्यांची, डोक्यावर ठेवतात ती. जशी कावीळ उतरते तशी माळ लांबते आणि गळ्यात येते म्हणतात. मी म्हटलं, माळ डोक्यावर ठेवा, पण तोंडात काही घालायचं नाही. ना पाला, ना रस, ना सोडा. मामीनं मान डोलावली. माळ खरंच लांबली. मामीनं ती सगळ्या वॉर्डाला दाखवली. मीही ती हातानं मोजून पाहिलीच होती.

हे घरी आले. बारीक झाले होते, पायांत जोर नव्हता, पण डोक्यातलं झाकण बंद झालं होतं. सोड्याचा डबा मी शेजारणीला देऊन टाकला. छातीत आग होई तेव्हा डॉक्टरणीनं लिहून दिलेली गोळी, थोडं थोडं खाणं, एवढंच. पावसाळा गेला, दिवाळी गेली. ह्यांनी थेंब घेतला नाही. रक्ताच्या तपासण्या सुधारत होत्या. लोक म्हणायला लागले, "सुटले बाप्पा तुमी."

हे सुटले. अडकले ती मी.

रोज सकाळी ऊन अंगणात आलं की मी ह्यांना दारात उभं करायची आणि पापणी ओढून पाहायची. आधी हे हसायचे. मग हसायचे थांबले आणि आपणच पापणी ओढून उभे राहायला लागले, शाळेत पोरं नखं दाखवतात तसे. "पाह्य." पांढरं. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. दहा मिनिटांत पुन्हा वाटायचं, नीट पाहिलं का? ढग होता का तेव्हा? हे शेतात गेले की मी खोलीतून ओसरीवर, ओसरीवरून रस्त्यावर. उशिरा आले की दारातच वास घ्यायची. झोपेतून दचकून उठून त्यांच्या हाताला हात लावायची, कापतोय का. त्यांचे पाय हळदीतून बाहेर आले होते आणि माझे आत गेले होते. आता मी पाय मारत होते.

आणि पुन्हा फाल्गुन आला. पुन्हा सगळं पिवळं झालं.

ह्या वेळी नारळ एका घावात फुटला. आपली हळद उरकून हे बॉयलर घेऊन शेलूबाजारच्या पुढच्या एका गावाला गेले. मी जाऊ नका म्हटलं. "धंदा हाय," ते म्हणाले. "बॉयलर घरी ठेवून काय त्याची पूजा करू?" बरोबर होतं. पण तिथे धग होती, मजूर होते, आणि मजुरांची बाटली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी व्हिडिओ कॉल लावला. ताडपत्रीखाली बल्ब लटकत होता.

"पापनी ओढा."

ओढली. डोळा पिवळा. मग मागून एक मजूर डोकावला, त्याचाही डोळा पिवळा. बल्बच पिवळा होता. त्या बल्बखाली सगळ्या जगाला कावीळ झाली होती.

"कसं वाटते?"

"चांगलं हाय. छातीत थोडकसं जयते आज. ठेचा खाल्ला दुपारी."

"जयते? काहून जयते?"

"अवो, ठेचा खाल्ला म्हनलं ना!"

फोन ठेवला आणि मी उठले. जळजळ. ती पुन्हा आली होती. ठेचा की दुसरं काही? मी मामीला काही सांगितलं नाही, पण तिनं माझ्या येरझाऱ्या पाहिल्या आणि म्हणाली, "जाय सकायी. पाहून ये. नाईतर तू मरशीन चालू चालू."

सकाळच्या पहिल्या बसनं मालेगाव, तिथून हायवेवरच्या जीपमध्ये कोंबून शेलूबाजार, पुढे एका दुधवाल्याच्या मागे बसून ते गाव. वाटभर मी मनात भांडत होते. प्यायले असतील तर काय बोलायचं, ते सगळं पाठ केलं होतं. बोलून झाल्यावर काय करायचं ते मात्र सुचत नव्हतं.

बॉयलरचा धूर लांबूनच दिसला. हे ढोलाजवळ उभे होते, काडी खुपसून हळद शिजली का पाहत होते. मला पाहून काडी हातातच राहिली.

"काहून आली? माय बरी हाय ना? पोरगी?"

मी सरळ गेले, त्यांचं तोंड उन्हाकडे वळवलं आणि पापणी खाली ओढली. पांढरं. दुसरी ओढली. पांढरं. मग नाक तोंडाजवळ नेलं. लसणाचा आणि मिरचीचा वास. ठेचाच होता. मजूर हसायला लागले. एक जण म्हणाला, "वैनी, आमचेबी पाह्यजा मंग लाइनीनं!" मला लाज वाटायला हवी होती. मी पहिली पापणी पुन्हा एकदा ओढून पाहिली.

हे हसले नाहीत. त्यांनी काडी खाली टाकली. आपल्या पिवळ्या हातानं माझी हनुवटी धरली, सगळ्यांदेखत, तेही उन्हाकडे वळवून, आणि अंगठ्यानं माझी पापणी ओढली. कितीतरी वेळ पाहत राहिले.

"लाल झाले डोये तुह्ये," ते म्हणाले.

"भुकटी गेली असंन."

"हयद डोयात जात नाई," ते म्हणाले. "कधीची झोपली नाई तू?"

मलाच आठवत नव्हतं. मी रडले, मजुरांसमोर, नाक वाहेपर्यंत. भीती वाटते म्हणाले. तुम्ही मराल अशी रोज भीती वाटते म्हणाले. वर्षभर हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, त्यांनाही नाही. ह्यांनी ऐकून घेतलं. नाही मरणार असं काही म्हणाले नाहीत. कडुलिंबाखाली रिकामी पोती होती, ती एकावर एक अंथरली आणि म्हणाले, "नीज."

मी पडले. घडीभर पडू म्हणून पडले आणि गाढ झोपले. जाग आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. कडुलिंबापासून थोड्या अंतरावर उकडलेली हळद पसरली होती आणि हे तिच्यात पाय मारत होते. हळूहळू, पाऊल न वाजवता. टोकाला गेले की थांबायचे, माझ्याकडे पाहायचे आणि परत यायचे.